टँकरचा निरोप कुठल्या ग्रुपवर?

जानेवारी २०२१. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत तेव्हा दोनच विषय होते: लशीचा नंबर कधी लागणार आणि व्हॉट्सअ‍ॅप सोडायचं का. नव्या अटी मान्य करा, नाहीतर ८ फेब्रुवारीनंतर वापरता येणार नाही, अशी सूचना सगळ्यांच्या मोबाइलवर झळकली होती. बी विंगमधल्या काकांनी ‘आपले मेसेज आता फेसबुक वाचणार’ हा फॉरवर्ड फिरवला, तोही व्हॉट्सअ‍ॅपवरच. सेक्रेटरींनी सिग्नल या दुसऱ्या मेसेजिंग अ‍ॅपवर ग्रुप काढला आणि पन्नासेक घरं तिकडे गेलीसुद्धा. मग मार्च उजाडला, नळाचं पाणी आटलं आणि ‘टँकर ११ वाजता येतोय, गेटसमोर गाड्या लावू नका’ हा निरोप आला तो जुन्याच ग्रुपवर. टँकरवाला तिथे होता, वॉचमनही तिथेच. होळीपर्यंत नव्या ग्रुपवर फक्त सेक्रेटरींचं गुड मॉर्निंग उरलं.

तो फॉरवर्ड अर्थात चुकीचा होता. दोन माणसांमधले मेसेज आधीसारखेच एन्क्रिप्टेड, म्हणजे मधल्या कोणाला वाचता न येणारे, राहणार होते. बदल होता तो दुकानं-कंपन्यांशी होणाऱ्या गप्पांचा आणि फेसबुकला जाणाऱ्या माहितीचा. फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप विकत घेतलं आणि माहितीची देवाणघेवाण २०१६ मध्येच सुरू झाली. तेव्हा निदान ३० दिवसांत ‘नको’ म्हणायची सोय दिली होती. २०२१ मध्ये ‘घ्या किंवा जा’ असा सूर लागला आणि लोक बिथरले. ओरड झाल्यावर मुदत १५ मेपर्यंत ढकलली गेली. याच अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि प्रकरण अपिलात गेलं.

पण लोक गेले कुठे? सिग्नलवर आणि टेलिग्रामवर. सिग्नल चालवणारी संस्था नफ्यासाठी नाही हे खरं, पण सर्व्हर, म्हणजे निरोप पोचवणारे संगणक, तिचेच. १५ जानेवारी २०२१ ला गर्दीने ते कोलमडले, तेव्हा सगळ्यांचंच बंद पडलं. टेलिग्रामही एका कंपनीचं. म्हणजे अकरा महिन्यांचा करार मोडून आपण दुसऱ्या, जरा बऱ्या स्वभावाच्या घरमालकाकडे राहायला गेलो. मालकीचा प्रश्न तसाच राहिला. त्यावर उपाय म्हणून सांगितली जाणारी विकेंद्रित, म्हणजे एकाच मालकाच्या हाती नसलेली सेवा ही वेगळी गोष्ट: इमारती अनेक, प्रत्येकीची कमिटी वेगळी, नियम वेगळे, पण एका इमारतीतून दुसरीत निरोप जातो. ईमेल तसंच आहे. तुमचा पत्ता एका कंपनीचा आणि माझा ऑफिसचा असला, तरी पत्र पोचतं.

मराठी माणसाला जागा सोडून जाण्याचं नावीन्य नाही. मनोगत हे आपल्या सुरुवातीच्या मोठ्या संकेतस्थळांपैकी एक. तिथल्या शिस्तीत आणि संपादनाच्या कात्रीत काहींचा जीव रमेना. त्यातूनच २००७ मध्ये ठाण्याच्या तात्या अभ्यंकरांनी मिसळपाव काढलं. पुढे २०११ मध्ये ऐसी अक्षरे आलं. भांडणं व्हायची, रुसवे व्हायचे, पण ही स्थलांतरं टिकली. माझ्या मते याचं कारण साधं आहे. तिथे एकटा माणूस उठून जात नव्हता, अख्खा कट्टा उठायचा. लिहिणारे, वाचणारे आणि खोड काढणारे, सगळे एकदम. ऑर्कुटवरून फेसबुकवर आपण असेच गेलो, वर्गच्या वर्ग उचलून. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं तेव्हा तिथे रडायलाही फारसं कोणी नव्हतं.

इमारतींमधली दारं एकेकाळी उघडीही होती, हे आता सांगितलं तर पोरांना खोटं वाटतं. १९९९ मध्ये जॅबर नावाने निरोप पाठवायची एक खुली पद्धत सुरू झाली, तिचंच पुढे एक्सएमपीपी झालं. २००५ च्या गूगल टॉक या चॅटसेवेने तीच वापरली आणि २००६ पासून दुसऱ्यांच्या सर्व्हरशी बोलणंही सुरू केलं. २०१३ मध्ये गूगलचंच हँगआउट्स आलं आणि ते दार लावून घेतलं गेलं. व्हॉट्सअ‍ॅपची सुरुवातही एक्सएमपीपीत फेरफार करूनच झाली होती. फक्त बाहेरचं दार त्यांनी बसवलंच नाही. लोकांना कळलंही नाही, कारण सगळे आतच होते.

फेसबुकच्या गोपनीयतेवरून अमेरिकेत राग उसळला तो २०१० मध्ये. तेव्हा न्यूयॉर्क विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी डायस्पोरा या विकेंद्रित सोशल नेटवर्कसाठी १०,००० डॉलर मागितले आणि सुमारे दोन लाख मिळाले. पैसा आला, गर्दी नाही आली. २०१६ मध्ये जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को या तरुण प्रोग्रॅमरने मॅस्टोडॉन हे ट्विटरसारखं, पण अनेक सर्व्हरवर पसरलेलं नेटवर्क आणलं. नाव हत्तीच्या एका नामशेष भाऊबंदाचं. जानेवारी २०१८ मध्ये अ‍ॅक्टिव्हिटीपब या पद्धतीला डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची मान्यता मिळाली, म्हणजे इमारतींमधल्या दारांचा एकच साचा ठरला.

भारतात मॅस्टोडॉनचं नाव झालं ते २०१९ च्या नोव्हेंबरात. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं होतं. निमित्त ठरला नाझी सलाम न करणाऱ्या एका माणसाचा जुना फोटो, आणि नंतर एक हिंदी कविता. रागावलेली मंडळी मॅस्टोडॉनवर आली आणि पहिल्याच पायरीवर अडखळली: ‘कुठला सर्व्हर निवडू?’ चहा मागितल्यावर पातेलं, गाळणं आणि शेगडी पुढे ठेवावी तसं झालं. बरेचजण महिन्याभरात परतले.

२७ ऑक्टोबर २०२२ ला इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं, आणि तीन लाखांच्या आसपास असलेले मॅस्टोडॉनचे सक्रिय वापरकर्ते दोनेक महिन्यांत पंचवीस लाखांपर्यंत गेले. मग पुन्हा घसरले. जून २०२३ मध्ये रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळाने बाहेरच्या अ‍ॅप्सना भरमसाट दर लावले तेव्हाही संप झाला, थोडे लोक लेमी या तशाच, पण विकेंद्रित जागेकडे वळले. ब्राझीलमध्ये ३० ऑगस्ट २०२४ ला न्यायालयाने एक्सवर, म्हणजे नाव बदललेल्या ट्विटरवर, बंदी घातल्यावर काही दिवसांत वीस लाखांहून अधिक नवे लोक ब्लूस्काय या ट्विटरसारख्याच सेवेवर आले. ब्लूस्कायची पद्धत खुली आहे, पण बहुतेकांची खाती अजून त्या एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. कागदावर विकेंद्रित म्हणा हवं तर.

आपल्याकडे मधल्या काळात कू हे ट्विटरसारखं देशी अ‍ॅप आलं. पिवळा पक्षी, मराठीची सोय, मंत्र्यांची खाती, सगळं होतं. जुलै २०२४ मध्ये तेही बंद झालं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात झोहो या भारतीय कंपनीच्या अरट्टाई या मेसेजिंग अ‍ॅपची लाट आली. अरट्टाई म्हणजे तमिळमध्ये गप्पा. या वेळी आमच्या सोसायटीत कोणी ग्रुप काढला नाही. सेक्रेटरींनी नुसतं डाउनलोड करून ठेवलं. झोहोचे श्रीधर वेंबू मात्र एक मुद्द्याचं बोलले: अशा सेवा यूपीआय आणि ईमेलसारख्या एकमेकींशी जोडता आल्या पाहिजेत. हे आपल्याला चटकन पटतं. वाशीच्या मार्केटात कांदे घेताना आपण व्यापाऱ्याला ‘तुझं अ‍ॅप कुठलं’ असं विचारत नाही. पण यूपीआयचा कारभार एनपीसीआय या एकाच संस्थेकडे आहे, म्हणजे जोडलेलं असणं आणि विकेंद्रित असणं एक नव्हे. माझं विचाराल तर सामान्य माणसाला पहिलं मिळालं तरी पुष्कळ. टँकरवाला कुठल्याही अ‍ॅपवर असेना का.

आणखी एक गंमत ठाणे-बेलापूर रोडवर दिसते. ऐरोली, रबाळे, महापे हा पट्टा एके काळी रासायनिक कारखान्यांचा. आता तिथे बिनखिडक्यांच्या उंच इमारती आहेत, जनरेटरची रांग आणि गेटवर कडक पहारा. डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हरची गोदामं. आपलं ‘क्लाउड’ ढगात नसतं, ते लोकलच्या खिडकीतून दिसतं. विकेंद्रित सर्व्हर चालवणाराही शेवटी अशाच कुठल्यातरी इमारतीत जागा भाड्याने घेतो.

नेरूळचा एक मित्र असा सर्व्हर चालवतो. चाळीसेक माणसं, बहुतेक ट्रेकिंगवाली आणि दोन निवृत्त शिक्षिका. महिन्याचं भाडं खिशातून. दिवाळीला वर्गणी मागतो, निम्मे देतात. रविवारची सकाळ अपडेट आणि स्पॅम काढण्यात जाते. परदेशातला मॅस्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी हा मोठा सर्व्हर २०२२ च्या अखेरीस चालकानेच बंद केला, कारण एकट्याला झेपेना. अशा वेळी मॅस्टोडॉनवर फॉलोअर दुसरीकडे नेता येतात, जुन्या पोस्ट मागेच राहतात. मित्राला विचारलं, तू आजारी पडलास तर? म्हणाला, आजारपणाचं माहीत नाही, पण गणपतीत गावी जातो, घराच्या मागच्या दारातच काय ती रेंज येते. म्हणून चतुर्थीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना लिहून जातो: पाच दिवस कोणी पासवर्ड विसरू नका.