लाकूड कोरण्याचे बर आणि त्यांचा सुरक्षित वापर

बर म्हणजे फिरत्या यंत्राच्या कॉलेटमध्ये (दांडी आवळून धरणाऱ्या पकडीत) बसवायचे, डोक्यावर दात किंवा कठीण कण आणि मागे बारीक दांडी असलेले छोटे कटर. पटाशी जिथे वळत नाही, अशा आतल्या पोकळ्या, वेलबुट्टीच्या खाचा, पानांच्या शिरा कोरायला ते वापरतात. कोकणात सागाचे व फणसाचे देव्हारे, शिवणीच्या लाकडाचे कोरीवकाम आणि सावंतवाडीची पांगाऱ्याची खेळणी यांसाठी हे हत्यार सोयीचे पडते.

लाकूड झपाट्याने काढायला सुट्या, उभ्या काट्यांचे कार्बाइडचे (पोलादापेक्षा कठीण पदार्थाचे) बर घ्यावेत. धातूसाठीच्या बारीक आडव्या-उभ्या दातांच्या बरमध्ये भुसा गच्च बसतो. मग दात कापत नाहीत, नुसते घासतात आणि लाकूड काळे पडते. हिऱ्याच्या कणांचे बर शेवटच्या बारीक कामापुरतेच.

बहुतेक अपघातांचे मूळ दातांत नसते, दांडीच्या पकडीत असते. दांड्या 2.35, 3, 3.175 आणि 6 मिमी अशा मापांत मिळतात. 3 आणि 3.175 डोळ्यांना सारख्याच दिसतात, पण 3.175 च्या कॉलेटमध्ये 3 मिमीची दांडी नीट आवळली जात नाही. भार येताच ती घसरते, बाहेर सरकते, वाकते. दांडी पूर्ण आत घालून 1 ते 2 मिमी मागे घ्यावी आणि कॉलेटचा नट आवळावा. खोल पोहोचण्यासाठी दांडी बाहेर ओढून ठेवणे ही सर्वांत घातक सवय आहे: फेरे दुप्पट झाले की बाहेर फेकणारे बल चौपट होते, आणि किंचित वाकडी दांडी क्षणात काटकोनात वळते. नवा बर आधी बोटांनी फिरवून पाहावा, मग चेहऱ्यापासून दूर धरून अर्धा मिनिट मोकळा चालवावा. थरथर जाणवली तर काढून टाकावा. वाकलेली दांडी ठोकून सरळ करू नये.

वेग डोक्याच्या व्यासावरून ठरवतात. मिनिटाला 25,000 फेऱ्यांना 6 मिमी डोक्याची कड सेकंदाला सुमारे 8 मीटर धावते, 12 मिमीची सुमारे 16 मीटर. म्हणून डोके मोठे तसा वेग कमी. बरवर किंवा वेष्टणावर लिहिलेली कमाल मर्यादा कधीही ओलांडू नये. बर अडतोय असे वाटले तर दाब वाढवण्याऐवजी हलके, उथळ फटके मारावेत.

यंत्र हातात धरून टोक समोर केले, की मागून पाहता बर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि खालच्या लाकडावर उजवीकडे पळू पाहतो. म्हणून काप उजवीकडून डावीकडे न्यावा, म्हणजे ओढ हाताच्या ताब्यात राहते. उलट नेले तर बर कडेवर चढून उडी मारतो. तुकडा तळहातात धरून कोरू नये. क्लॅम्पमध्ये किंवा वाळूच्या पिशवीवर दाबून बसवावा. सैल सुती हातमोजे, ओढणी, गळ्यातली पोत, मोकळे केस गुंडाळले जातात.

जुन्या घरांचे वासे, तुळया कोरायला घेताना आधी लोहचुंबक फिरवावे. आत तुटलेला खिळा असतो. पांगारा मऊ आणि हलका. तो ओला असला तर तंतू लोकरीसारखे पिंजतात, म्हणून सुकवूनच कोरावा. फणसाचा चीक दातांत बसला तर यंत्राचा प्लग काढून पितळी ब्रशने साफ करावा.

कठीण लाकडाची धूळ माणसात कर्करोगकारक असल्याचे सिद्ध आहे, नाकाच्या पोकळीत विशेषतः. कापडी रुमाल पुरत नाही. एन-95 किंवा एफएफपी-2 मास्क, बाजू झाकणारा चष्मा आणि कानांना प्लग लावावेत. शक्य तर धूळ शोषणाऱ्या यंत्राची नळी जवळ ठेवून भुसा ओढून घ्यावा.

पावसाळ्यात वीज जाते तेव्हा स्विच बंद करून प्लग काढावा. नाहीतर वीज परतताच टेबलावरचे यंत्र आपोआप सुरू होऊन घरंगळते. ओल्या फरशीवर पाय ठेवून काम करू नये, आणि जोडणी गळती-संरक्षक (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या) स्विचमधूनच घ्यावी. खाऱ्या हवेत दांड्यांना गंज चढतो आणि गंजलेली दांडी कॉलेटमध्ये एकसारखी बसत नाही, म्हणून बर तेलाचे बोट फिरवून झाकणाच्या डब्यात ठेवावेत. बसवण्यापूर्वी दांडी पुसून कोरडी करावी.