स्कॅनमध्ये हळद फिकी का पडते : रंगीत निगेटिव्हची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कपाटांत १९८० ते २००० या काळातली लग्नं, बारशी आणि शिवजयंतीचे चित्ररथ निगेटिव्हच्या पट्ट्यांत पडून आहेत. त्या आता स्कॅन होऊ लागल्या आणि एक तक्रार सगळीकडून यायला लागली : अल्बममधल्या प्रिंटचा रंग काही केल्या येत नाही.

दोष बहुतेक वेळा निगेटिव्हच्या नारिंगी छटेवर टाकला जातो. ही छटा १९४०च्या दशकाच्या अखेरीस फिल्ममध्ये मुद्दाम आणली गेली. फिल्ममध्ये सायन (निळा-हिरवा), मॅजेंटा (गुलाबी-जांभळा) आणि पिवळा असे तीन रंगथर असतात. मॅजेंटा थराने फक्त हिरवा उजेड अडवायचा असतो, पण तो थोडा निळाही अडवतो. सायन थर तांबड्यासोबत हिरवा-निळाही खातो. म्हणून फिल्म धुताना रंग तयार करणारी रसायनं, म्हणजे कपलर, हेच रंगीत केले गेले. जिथे रंग तयार होतो तिथे कपलरचा मूळ रंग जातो, बाकी जागी तो तसाच राहतो. चूक आणि तिची भरपाई मिळून सगळ्या चौकटीवर जवळपास एकसारखा पडदा पडतो. त्यामुळे तो काढणं अवघड नाही. स्कॅनच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाईलमधल्या तांबड्या, हिरव्या, निळ्या अशा तिन्ही चॅनेलना रोलच्या कोऱ्या, चित्र नसलेल्या कडेच्या किमतीने भागायचं आणि मगच उलटवून पॉझिटिव्ह करायचं. आधी उलटवून मग निळसरपणा पुसत बसलं की सावल्या आणि उजळ भाग दोन दिशांना पळतात.

खरा वाद पुढच्या पायरीवर आहे : प्रत्येक फोटोचा रंग यंत्राने आपोआप जुळवावा, की अख्ख्या रोलला एकच सेटिंग लावावं?

आपोआप जुळवण्याची पद्धत जुनीच आहे. कोणत्याही दृश्याचे सगळे रंग एकत्र केले तर सरासरी राखाडी येते, हे गृहीतक प्रिंटिंग यंत्रांत १९४०-५०च्या दशकांपासून वापरात आहे. १९७२ साली रंगीत निगेटिव्ह धुण्याची सी-४१ ही प्रक्रिया आली. पुढे वेगवेगळ्या कंपन्यांचे रोल एकाच टाकीत धुता येऊ लागले, आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मिनिलॅब, म्हणजे दुकानातच फिल्म धुऊन प्रिंट काढणारी छोटी यंत्रं, आल्यावर हे गृहीतक गल्लीतल्या स्टुडिओपर्यंत पोचलं. साध्या घरगुती फोटोला ते चालतंही. पण हळदीच्या फोटोत नवरी, पाट, साडी, सगळंच पिवळं. यंत्राला वाटतं पिवळा जास्त झाला, ते निळा वाढवतं, आणि हळद पिठासारखी दिसते. मिरवणुकीत भगवे झेंडे चौकट भरून असले की चेहरे राखेसारखे पडतात. जांबोटीच्या पावसातल्या हिरवळीवर गुलाबी झाक चढते. मिनिलॅबमध्ये शेजारी माणूस बसलेला असायचा. सायन, मॅजेंटा, यलो आणि डेन्सिटीच्या (गडदपणाच्या) बटणांवर बोटं ठेवून तो यंत्राचा निर्णय फिरवायचा. अल्बममधला रंग निम्मा त्याचाच आहे, आणि त्याची नोंद निगेटिव्हवर कुठेच नाही.

स्कॅनर आले, १९९०च्या दशकात डिजिटल मिनिलॅबही आल्या. यंत्राचा अंदाज सुधारला, पण गृहीतक पुरतं गेलं नाही. आजच्या स्कॅनिंग सॉफ्टवेअरमध्येही 'ऑटो' दाबलं की बरेचदा तेच घडतं. एका सेटिंगच्या बाजूचे लोक म्हणूनच ऑटो बंद करतात, एक्स्पोजर आणि कोऱ्या कडेची किंमत रोलभर कायम ठेवतात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. अट एकच, रोल एकाच उजेडात काढलेला हवा. मांडवात हॅलोजन आणि बाहेर ऊन असेल, तर दोन गट करावे लागतात.

निगेटिव्हच खराब झाली असेल तर मात्र कुठलंच एक सेटिंग पुरत नाही. त्या काळच्या फिल्मना धुण्याच्या शेवटच्या द्रावणातलं, म्हणजे स्टॅबिलायझरमधलं, फॉर्माल्डिहाइड लागायचं. त्यात कसूर झाली असेल तर मॅजेंटा रंग हळूहळू उडतो. दमट, उबदार कपाटात आणखी लवकर. मग मधल्या छटा जुळवल्या तरी उजळ भाग गुलाबी आणि सावल्या हिरवट राहतात. तिथे फक्त हिरव्या चॅनेलचा कॉन्ट्रास्ट वाढवावा लागतो.

कॅमेऱ्याने स्कॅन करणारे अलीकडे पांढऱ्या एलईडीऐवजी तांबडा, हिरवा, निळा असे अरुंद पट्ट्यांचे दिवे वापरू लागलेत. प्रिंटचा कागद निगेटिव्हकडे तशाच अरुंद पट्ट्यांतून बघायचा, हे त्यामागचं कारण. रंग जास्त स्वच्छ सुटे होतात. पण ऑटो चालू ठेवलं तर या दिव्यांतही हळद फिकीच.