परळ-लालबागच्या चाळींनी घडवलेली शाहिरी

मुंबईतल्या मराठी साहित्याचा इतिहास सांगताना गिरगावातली मासिकं, छापखाने आणि नाट्यगृहं आधी आठवतात. गिरणगाव, म्हणजे परळ-लालबागचा कापडगिरण्यांचा परिसर, पुष्कळदा तळटीपेत जातं. मला हे पटत नाही. कष्टकऱ्याची बोली मराठी कवितेत ताठ मानेने आली ती परळ-लालबागमधून, आणि ती घडवण्यात ऐकणाऱ्यांचाही वाटा होता.

ताडदेवला पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढे कोकणातून आणि घाटावरून माणसं येत राहिली, बरीचशी एकटीच. बायको, शेत, म्हातारे आईवडील गावी. एका खोलीत गाववाल्यांची दाटी, जेवण खानावळीत, झोप पाळीप्रमाणे. या माणसांबरोबर जाखडीचा नाच, नमनाचा खेळ, भजन आणि तमाशाही मुंबईत आला. कोकणातलं नमन आणि घाटावरची ढोलकी शेजारच्या चाळींत वाजू लागली. १९२२ साली परळला दामोदर हॉल उभा राहिला आणि कामगारांच्या नाटकांना हक्काचा रंगमंच मिळाला.

वाटेगावचे अण्णा भाऊ साठे याच वाटेने मुंबईत आले, गिरणीत राबले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभारलं. बार्शीच्या अमर शेखांचा पहाडी आवाज मैदानाच्या शेवटच्या टोकापर्यंत जाई. अण्णा भाऊंनी तमाशाची चौकट मोडली नाही, पण गणात, म्हणजे सुरुवातीच्या वंदनात, गणपतीऐवजी मायभूमीला वंदन केलं आणि वगात, म्हणजे तमाशातल्या नाट्यात, संप, सावकारी, काळाबाजार आणला. प्रेक्षकांना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. चाल ओळखीची होती आणि दुःखही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली ‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णा भाऊंची छक्कड, म्हणजे तमाशातल्या चालीचं गाणं, याच राहणीतून उगवली. ऐकणाऱ्या गिरणीकामगाराची घरधनीण खरोखरच गावी होती. तिच्या रूपाचं वर्णन ऐकताना तो आतून हलत असणार. मग शाहीर सांगतो की खंडित महाराष्ट्राची गतही तशीच झाली आहे, बेळगाव-कारवार दूर राहिले आहेत. नकाशावरची सीमारेषा थेट विरहाला जोडली गेली. मला हे मराठी काव्यातल्या सर्वांत समर्थ रूपकांपैकी एक वाटतं, आणि ही छक्कड वर्गात शिकवताना निव्वळ प्रचारगीत म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं आहे.

पुढचा धागा कवी नारायण सुर्व्यांचा. गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने उचलून वाढवलेलं हे मूल. ‘डोंगरी शेत माझं गं’ हे त्यांचं गाणं इतकं पसरलं की अनेकांना ते लोकगीतच वाटतं. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा कवितासंग्रह १९६२ साली आला, ‘माझे विद्यापीठ’ १९६६ साली. त्यांची कविता शाहिरीसारखी गायची नाही, बोलायची आहे. पण समोरच्या माणसाला उद्देशून बोलण्याची तिची रीत मला कलापथकाच्या जवळची वाटते. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णा भाऊंनी केलं. चौदा वर्षांनी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला; त्याची वस्ती वेगळी, भाषा अधिक जळजळीत.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. लाखो कामगार त्यात उतरले आणि त्यांतल्या अनेकांना कामावर परतता आलं नाही. गिरण्यांबरोबर खानावळी बंद पडल्या, कुटुंबं गावी किंवा विरार-बदलापूरकडे पांगली. शाहीर त्यानंतरही झाले, पण पाळी सुटल्यावर थेट मैदानात येणारा तो श्रोता मुंबईत पुन्हा एकवटला नाही.