फॉन्ट गायब की अक्षर गायब?

सर्व्हरवर वर्ड फाइलची पीडीएफ करताना मराठी बिघडली की "फॉन्ट नसेल" एवढंच म्हणून सोडून देतात. पण फॉन्टच नसणं वेगळं आणि असलेल्या फॉन्टमध्ये आपलं अक्षर नसणं वेगळं.

फाइलने मंगल (विंडोजचा देवनागरी फॉन्ट) मागितला आणि लिनक्सवर तो नसला, तर पीडीएफ करणारं लिबरऑफिस गपचूप दुसरा फॉन्ट घेतं. नोटो सान्स देवनागरी मिळाला तर मजकूर नीट वाचता येतो; फक्त रुंदी बदलल्याने ओळी आणि पानं सरकतात. हे पकडायला एफसी-मॅच (मागितलेल्या फॉन्टसाठी कोणता मिळेल ते सांगणारी लिनक्सची आज्ञा) चालवा, पण नुसतं उत्तर आलं म्हणून खूश होऊ नका. ते काही ना काही नाव देतंच. मागितलेलं आणि मिळालेलं नाव जुळतंय का ते कोडमध्ये तपासा.

वर्डच्या कॅलिब्री फॉन्टच्या जागी कार्लिटो हा मुक्त फॉन्ट आला तर इंग्रजी ओळी हलत नाहीत, कारण दोघांची रुंदी सारखी. पण कार्लिटोत देवनागरीच नाही. मग त्या अक्षरांपुरता दुसरा फॉन्ट शोधला जातो, आणि तोही नसला तर चौकोन उमटतात. इथे नावं जुळवून उपयोग नाही, मजकुरातलं प्रत्येक अक्षर फॉन्टमध्ये आहे का ते बघावं लागतं.

पायथन-डॉकएक्स (कोडमधून वर्ड फाइल लिहिणारी पायथनची लायब्ररी) वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: रनच्या (एकसारख्या रूपातल्या मजकुराच्या तुकड्याच्या) फॉन्टचं नाव बदललं की ते फक्त रोमन मजकुराच्या खान्यांत जातं. देवनागरी वर्ड 'सीएस' (कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट) या खान्यातून वाचतं. तिथलं नाव फाइलच्या आतल्या एक्सएमएलमध्ये स्वतः लिहावं लागतं.

खरा घात होतो कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत. 'मराठी' हा शब्द त्या फाइलमध्ये ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशा रोमन अक्षरांत साठवलेला असतो. पर्यायी फॉन्ट आला की हीच पाच अक्षरं छापली जातात, आणि ती एरियलमध्येही असल्याने अक्षरांची तपासणी बिनबोभाट पास होते. म्हणून माझं मत ठाम आहे: फाइलच्या फॉन्टटेबलमध्ये (तिच्यातल्या फॉन्टांच्या यादीत) असं नाव दिसलं तर पर्यायी फॉन्ट लावूच नका, काम तिथेच थांबवा. मूळ फॉन्ट बसवा, नाहीतर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत, आणा. तेही अक्षराला अक्षर बदलून भागत नाही, कारण युनिकोडच्या उलट कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर. दोन्हींची जागा कोडने फिरवावी लागते.