दुबईची गाडी सांगलीत पासिंग का होत नाही? इम्पोर्टेड गाड्यांच्या नियमांची पार्श्वभूमी

माझा मावसभाऊ विट्याचा. १४ वर्षं दुबईत सोन्याच्या कामात आहे, आता कायमचं घरी यायचं चाललंय आणि परवा फोनवर पहिलाच प्रश्न, "दादा, माझी लँड क्रूझर जहाजातनं आणली तर एमएच १० पासिंग होईल का?" खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यापायी देशभर आणि देशाबाहेर पांगलीत, त्यामुळं सांगलीत ऑटो इलेक्ट्रिकचं काम करताना हा प्रश्न मला नवा नाही. उत्तर एका वाक्यात आहे, नाही होणार, कारण दुबईच्या गाडीचं स्टेअरिंग डावीकडं असतं आणि आपल्याकडं इम्पोर्टला उजवीकडचंच लागतं. पण हा नियम आला कुठनं आणि त्याच्या जोडीला बाकीचे एवढे नियम कशापायी आले हे कुणी नीट सांगत नाही, लोक फक्त ड्यूटी किती पडते तेवढं विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

एके काळी आपल्याकडं सगळ्याच गाड्या बाहेरच्या होत्या. जनरल मोटर्सनं १९२८ ला मुंबईत बाहेरनं आलेले भाग जोडून गाड्या काढायला सुरुवात केली, पाठोपाठ फोर्ड आली. आमच्या विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिथं आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ जोडल्या जायच्या, मग फियाट आली. १९४९ ला सरकारनं पूर्ण तयार गाड्यांची आयात बंद केली आणि १९५३ च्या टॅरिफ कमिशननं सांगितलं की इथं खरंखुरं उत्पादन करणार असाल तरच थांबा, नुसती जोडाजोडी चालणार नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघींनी गाशा गुंडाळला. या सगळ्यात सेफ्टीचा विषय कुठंच नव्हता बरं का, कारण होतं परकीय चलन आणि आपले कारखाने उभे राहावेत ही इच्छा.

पुढची तीसेक वर्षं ॲम्बेसेडर आणि फियाट, बस्स. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली तेव्हा कुठं हवा पालटली. मधल्या काळात फॉरेनची गाडी दिसायची ती वकिलातीची, नाहीतर वकिलातीनं वापरून स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकलेली, नाहीतर एखाद्या संस्थानिकाच्या वाड्यातली. "फॉरेनची गाडी" या शब्दाला तेव्हा जे वजन आलं ते अजून उतरलेलं नाही, आणि फॉरेनची म्हणजे चांगलीच, चांगली म्हणजे सुरक्षितच हे जे डोक्यात पक्कं बसलंय ना, त्याचं मूळ माझ्या मते तिथंच आहे.

तिकडं बाहेरच्या देशांत तोवर दुसरीच गोष्ट चालली होती. युरोपातल्या देशांची अडचण अशी की एका देशात पास झालेली गाडी सीमेपलीकडं गेली की पुन्हा तपासा, म्हणून १९५८ ला जिनिव्हात करार झाला, एका सदस्य देशानं पार्ट तपासून मंजूर केला की बाकीच्यांनी मान्य करायचा. गाडीच्या लाईटच्या काचेवर गोलात ई आणि पुढं आकडा असतो तो त्या करारातनं आलाय, १ म्हणजे जर्मनी, ४ नेदरलँड, ११ ब्रिटन, ४३ जपान. अमेरिकेनं वेगळी वाट धरली. १९६६ ला त्यांचा मोटार सेफ्टीचा कायदा झाला आणि पद्धत अशी ठरली की कंपनीनं स्वतःच लिहून द्यायचं की गाडी नियमात बसते, सरकार नंतर बाजारातनं उचलून तपासणार, खोटं निघालं तर गाड्या परत बोलवा. त्यामुळं गाडी तीच, कंपनी तीच, पण दोन बाजारांत दोन वेगळ्या गाड्या झाल्या. एअरबॅगचंच घ्या, अमेरिकन नियमात बेल्ट न लावलेला माणूसही वाचला पाहिजे म्हणून टेस्ट करतात, युरोपात बेल्ट लावलेलाच आहे असं धरून चालतात, त्यामुळं एअरबॅग किती जोरात उघडायची याचं गणितच बदलतं. बाहेरनं बघून हे कुणाला कळणार?

१९८० नंतर डॉलर एवढा वधारला की अमेरिकन माणसाला जर्मनीत मर्सिडीज घेऊन घरी नेणं स्वस्त पडायला लागलं, मग छोट्या छोट्या गॅरेजवाल्यांनी बंपर बदल, दारात लोखंडी पट्टी घाल, लाईट बदल असं करून त्या पास करून द्यायचा धंदा काढला. काही नीट काम करायचे, काही नुसता कागद द्यायचे. जोरात असताना वर्षाला ६० हजारांच्या वर गाड्या अशा आल्या. १९८८ ला कायदा कडक झाला आणि तिथली २५ वर्षांची अट त्यातनं आली, २५ वर्षं जुनी झाली की सेफ्टीच्या नियमातनं मोकळी. स्कायलाइन नावाच्या जपानी गाडीसाठी तिकडची पोरं वर्षं मोजत बसतात ते यामुळं. आपल्याकडं नेमकं उलटं आहे, ते पुढं येतंयच.

आता आपला २००१. आयातीवर आपण लावलेल्या संख्येच्या बंधनांविरुद्ध अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली होती, आपण ती केस हरलो आणि १ एप्रिल २००१ ला शेवटच्या ७१५ वस्तूंवरची बंधनं उठवावी लागली, त्यात गाड्या होत्या. मग भीती अशी की जपान-सिंगापूरमधल्या वापरून टाकलेल्या स्वस्त गाड्यांचा लोंढा येईल. बंदी घालता येत नव्हती म्हणून अटी आल्या. वापरलेली गाडी बनल्यापासून ३ वर्षांच्या आतलीच पाहिजे. स्टेअरिंग उजवीकडं. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये. लाईट डाव्या बाजूनं चालणाऱ्या वाहतुकीला योग्य. उतरवायची फक्त मुंबई बंदरात. यातल्या काही अटी उद्योग वाचवायला होत्या हे उघड आहे, आणि वापरलेल्या गाडीवर वर्षानुवर्षं १२५ टक्के बेसिक ड्यूटी होती तीही त्यासाठीच. पण म्हणून सगळ्याच अटी नुसत्या अडवणुकीच्या आहेत असं जे म्हणतात ते मला अजिबात पटत नाही, आणि त्याचं कारण माझ्या दुकानातल्या भिंतीवर आहे.

डिपरचा, म्हणजे हेडलाईटच्या खालच्या झोताचा उजेड भिंतीवर टाकून बघा. २५ फुटांवर गाडी उभी करायची, शटर ओढायचं, डिपर लावायचा. वर अंधार, खाली उजेड आणि मध्ये सुरीनं कापल्यासारखी सरळ रेघ दिसते, पण ती रेघ पूर्ण सरळ नसते, मध्यापासून एका बाजूला तिरकी वर चढते. आपल्या गाडीची डावीकडं चढते, म्हणजे रस्त्याच्या कडेचा माणूस, सायकलवाला, ऊसाची बैलगाडी लांबनं दिसावी, आणि उजवीकडं रेघ खालीच राहते म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात उजेड जात नाही. उजव्या बाजूनं चालणाऱ्या देशाची लाईट लावली की हीच रेघ उजवीकडं चढते. काही वर्षांपूर्वी एकानं बाहेरनं आणलेला हेडलाईटचा जोड माझ्याकडनं बसवून घेतला, काच भारी, उजेड पांढराफेक, आणि भिंतीवर बघितलं तर रेघ उलटी. त्याला म्हटलं, तासगाव रोडला रात्री समोरनं येणारा टू-व्हीलरवाला तुमच्यामुळं दोन सेकंद आंधळा होणार, खाली कितीही ॲडजस्ट केली तरी हा आकार बदलत नाही, तो काचेतच आहे. त्यानं त्याच दिवशी जोड काढायला लावला. आयातीच्या नियमातली ती अर्ध्या ओळीची अट गाडीत बसणाऱ्यासाठी नाहीये, ती समोरनं येणाऱ्यासाठी आहे.

स्टेअरिंगचं मात्र थोडं गुंतागुंतीचं आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १२० आहे, त्यात डाव्या स्टेअरिंगची गाडी चालवायची असेल तर सिग्नल देणारं यंत्र चालू स्थितीत हवं एवढंच म्हटलंय, म्हणून जुन्या लेफ्ट हँड जीपा अजून दिसतात. म्हणजे रस्त्यावर चालवायला सरसकट बंदी नाही, आयातीच्या धोरणात बंदी आहे. भावाला हेच समजावायला मला अर्धा तास लागला.

नवीन गाडीचा रस्ता वेगळा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमाप्रमाणं प्रत्येक मॉडेलचा नमुना आधी सरकारमान्य संस्थेत तपासून घ्यावा लागतो, त्याला होमोलोगेशन म्हणतात. यातल्या मोठ्या संस्था आपल्या शेजारीच आहेत, पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासूनची एआरएआय, भोसरीला सीआयआरटी, नगरला व्हीआरडीई. वर्षाला थोड्याच गाड्या विकणाऱ्या कंपनीला हा खर्च परवडत नाही म्हणून २०१८ च्या सप्टेंबरात सवलत दिली, युरोप किंवा जपानच्या मानकांत बसणाऱ्या उजव्या स्टेअरिंगच्या कार कंपनीनं किंवा तिच्या अधिकृत प्रतिनिधीनं वर्षाला २,५०० पर्यंत इथल्या टेस्टशिवाय आणाव्यात. सवलत कंपनीला आहे, तुम्हा-आम्हाला नाही, आणि इथंच बरेच जण फसतात.

खरं सांगायचं तर बराच काळ आपली स्वतःची पट्टीच आखूड होती. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या गाड्या ठोकून सुरक्षिततेचे स्टार देणाऱ्या संस्थेनं आपल्या बाजारातल्या पाच खपाऊ गाड्या तपासल्या आणि पाचही शून्य स्टार. काही मॉडेलं बाहेर विकताना एअरबॅग होती, इथं नाही. त्या वेळी बरंच काहीबाही बोललं गेलं पण गाडी हलली. १ ऑक्टोबर २०१७ पासून नवीन मॉडेलांना क्रॅश टेस्ट सक्तीची झाली, समोरनं ताशी ५६ किलोमीटर वेगानं आणि बाजूनं ५० नं, दोन वर्षांनी जुन्या मॉडेलांनाही. एप्रिल २०१९ पर्यंत एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सगळ्या कारना, जुलै २०१९ ला ड्रायव्हरची एअरबॅग, बेल्टची सूचना, स्पीडची सूचना, मागचे सेन्सर. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झालं, त्यात समोरची धडक ६४ च्या वेगानं देतात आणि स्टार इथंच मिळतात. त्यामुळं फॉरेनची ती सुरक्षित आणि आपली ती डबा हे वाक्य आता जुनं झालं, पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्यात तथ्य होतं.

जुन्या गाड्यांचं सांगतो म्हटलं होतं. अमेरिकेत जुनी झाली की दार उघडतं, आपल्याकडं ३ वर्षांनंतर बंद होतं ते थेट व्हिंटेजलाच उघडतं. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ ला वेगळी नोंदणी आली, नंबरमध्ये व्हीए अक्षरं, रोजच्या वापराला परवानगी नाही. मधल्या वयाची स्कायलाइन किंवा जुनी लँड क्रूझर हवी असणाऱ्याला सरळ रस्ता नाही, म्हणून वाकडे रस्ते निघतात. २०२५ च्या सप्टेंबरात केरळात कस्टम्सनं "नुमखोर" मोहीम काढली ती भूतानमार्गे आलेल्या अशाच गाड्यांसाठी, खोट्या कागदांवर नोंदणी केल्याचा आरोप होता. आपल्या भागात परराज्याच्या नंबरची जुनी इम्पोर्टेड स्वस्तात मिळत असेल तर आरसीवर खूश होऊ नका, कस्टम्सची बिल ऑफ एन्ट्री मागा आणि त्यावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः वाकून जुळवून बघा. मालक "आहे, घरी आहे" म्हणत असेल तर तो कागद हातात येईपर्यंत टोकन देऊ नका.

ड्यूटीचं थोडक्यात. ४० हजार डॉलरच्या वरच्या नव्या गाडीवर २०२५ च्या बजेटात बेसिक ड्यूटी १०० वरनं ७० टक्के झाली, आधीचा १० टक्के सरचार्ज गेला पण वर ४० टक्के सेस आला, म्हणजे एकूण भार होता तेवढाच. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी करार झाला, त्यात ठरावीक कोट्यातल्या गाड्यांची ड्यूटी टप्प्याटप्प्यानं १० टक्क्यांपर्यंत येणार आहे आणि ब्रिटनच्या गाड्यांचं स्टेअरिंग तर आपल्यासारखंच उजवीकडं. महाराष्ट्रात इम्पोर्टेडला रोड टॅक्स २० टक्के लागतो तो वेगळाच.

कायमचं परत येणाऱ्याला स्वतःची गाडी आणायची सोय आहे, परदेशात सलग २ वर्षं राहिलेला असावा आणि गाडी किमान १ वर्ष त्याच्या ताब्यात असावी. भावानं हे कुठंतरी वाचलं होतं म्हणून त्याला आशा होती. मी त्याला म्हटलं, आधी हेडलाईटच्या काचेचा जवळनं फोटो पाठव. डाव्या बाजूनं चालणाऱ्या देशासाठीच्या लाईटवर ई च्या खुणेजवळ एक आडवा बाण असतो, समोर उभं राहून बघितलं तर आपल्या उजवीकडं रोखलेला, दोन्हीकडं चालणारी असेल तर दुतोंडी बाण. रात्री अकराला फोटो आला, गोल होता, ई होता, आकडा होता, बाण नव्हता. गाडी तो तिथंच विकतोय.