चौकट वाकडी, तर स्फटिकही वाकडा

कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतल्या ‘नॅशनल इग्निशन फॅसिलिटी’ या महाकाय लेसर यंत्रात 5 डिसेंबर 2022 रोजी 192 लेसर शलाकांनी 2.05 मेगाज्यूल ऊर्जा एका इवल्याशा लक्ष्यावर सोडली आणि अणुकेंद्रांच्या संमीलनातून (फ्युजनमधून) 3.15 मेगाज्यूल मिळाली. जगभर कौतुक झालं ते संमीलनाचं. मला मात्र या यंत्रातलं सर्वांत नाजूक काम वेगळंच वाटतं: स्फटिक चौकटीत बसवणं.

हा लेसर तयार होतो अवरक्त, 1053 नॅनोमीटरचा. लक्ष्याला हवा असतो अतिनील, 351 नॅनोमीटरचा. हा बदल केडीपी, म्हणजे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, या कुळातले दोन स्फटिक करतात. पहिला काही प्रकाश हिरवा करतो. दुसरा तो हिरवा आणि उरलेला अवरक्त मिळवून अतिनील बनवतो. प्रत्येक स्फटिक साधारण 41 सेंटिमीटरचा चौरस, जाडी जेमतेम एक सेंटिमीटर. पदार्थ मऊ, पाण्यात विरघळणारा, तापमान अचानक बदललं तर तडकणारा.

प्रकाश स्फटिकाच्या अक्षाशी नेमक्या कोनात गेला तरच रूपांतर नीट होतं. इथे हिशेब मायक्रोरेडियनचा, म्हणजे एका अंशाच्या सुमारे सतरा हजाराव्या भागाचा. 10 मायक्रोरेडियनचा कल म्हणजे 41 सेंटिमीटरच्या स्फटिकाची एक कड फक्त 4 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वर. आपला केससुद्धा याच्या कितीतरी पट जाड असतो. आता अख्खा स्फटिक कलला असेल तर तो फिरवून दुरुस्त करता येतो. पण तो वाकला असेल, तर प्रत्येक ठिकाणचा कोन वेगळा. एक भाग जुळवला की दुसरा बिघडतो. शिवाय जिथे दाब पडतो तिथे अपवर्तनांकही, म्हणजे प्रकाश किती वळतो ते ठरवणारा आकडाही, बदलतो.

खिडकीची काच सुतार चार बारीक खिळे मारून, लांबी (पुटी) भरून बसवतो. इथे तसं चार ठिकाणी आवळून चालत नाही. स्फटिक चारही कडांनी टेकवतात आणि टेकू देणारी धातूची कड मायक्रॉनच्या मापात सपाट करतात. कारण पातळ स्फटिक चौकटीचाच आकार घेतो. चौकट इथे नुसता आधार राहत नाही, ती प्रकाशीय घटकच होते.

त्यात गुरुत्वाकर्षण आहेच. स्फटिकाचं वजन सुमारे चार किलो. शलाका गोलाकार कक्षात वरून-खालून वेगवेगळ्या कोनांत शिरतात, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी स्फटिक वेगळ्या कलाने बसतो आणि स्वतःच्या भाराने वेगळा झुकतो. टेबलावर तो किती सपाट आहे एवढं मोजून भागत नाही. नेमल्या जागी तो किती वाकेल, हे आधीच धरून चालावं लागतं.