पार्श्वभूमी : पूर्व जर्मनीतली ९९ टक्क्यांची निवडणूक

७ मे १९८९ च्या रात्री निवडणूक आयोगाचे अध्यक्ष एगोन क्रेन्झ यांनी पूर्व जर्मनीतल्या स्थानिक निवडणुकांचा निकाल जाहीर केला : सरकारी यादीला ९८.८५ टक्के मते. चाळीस वर्षे असेच आकडे ऐकलेल्या लोकांनी या वेळी मात्र अनेक केंद्रांवर मोजणी स्वतः उभे राहून पाहिली होती. त्यांची बेरीज सरकारच्या बेरजेशी जुळेना.

या पद्धतीचे मूळ १९४६ मध्ये आहे. एप्रिलमध्ये सोव्हिएत ताब्यातल्या भागात कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट पक्षांचे दबावाखाली विलीनीकरण होऊन एसईडी हा पक्ष उभा राहिला. ऑक्टोबरमध्ये पाचही प्रांतांत निवडणुका झाल्या, पण एकाही प्रांतात त्याला निर्विवाद बहुमत मिळाले नाही. बर्लिनमध्ये सोशल डेमोक्रॅट वेगळे लढू शकले. तिथे त्यांना ४८.७ टक्के मिळाले, एसईडीला १९.८. खुल्या स्पर्धेचा हा धोका पक्षाने पुन्हा पत्करला नाही. ७ ऑक्टोबर १९४९ ला पूर्व जर्मनी हा देश स्थापन झाला आणि १९५० च्या पहिल्याच संसदीय निवडणुकीत सगळ्या पक्ष-संघटनांची मिळून एकच यादी मतदारांपुढे ठेवली गेली.

कुणाला किती जागा, हे मतदानाआधीच ठरलेले असे. १९६३ पासून फोल्क्सकामर या संसदेच्या ५०० जागांपैकी एसईडीला १२७ आणि चार मित्रपक्षांना प्रत्येकी ५२ मिळत. उरलेल्या जागा कामगार संघटना, युवक संघटना, महिला संघटना आणि सांस्कृतिक संघाकडे जात. १२७ म्हणजे बहुमत नव्हे, असे कागदावर दिसते. पण या संघटनांचे बहुतेक प्रतिनिधीही एसईडीचेच सदस्य असत. खरे निर्णय पक्षाच्या पॉलिटब्युरोत, म्हणजे सर्वोच्च नेत्यांच्या छोट्या समितीत होत. १९८९ पूर्वी संसदेत उघड विरोधी मते पडल्याचा एकच प्रसंग आहे : मार्च १९७२ चा गर्भपाताचा कायदा, १४ विरोधी मते.

मतदानाची रीत साधी होती. नावांची छापील पत्रिका घ्यायची, घडी घालायची, पेटीत टाकायची. खूण करायचीच गरज नव्हती. आडोसा असे, पण तिकडे वळणारा सगळ्यांच्या नजरेत भरे. विरोध नोंदवायचा तर यादीतले प्रत्येक नाव खोडावे लागे. एखादे नाव राहिले, की मत यादीच्या बाजूने धरले जाई. दुपारपर्यंत न आलेल्यांच्या घरी कार्यकर्ते जात आणि आजाऱ्यांकडे फिरती पेटी नेली जाई.

एक फट मात्र कायद्यातच होती. मतमोजणी सार्वजनिक असेल, असे त्यात लिहिलेले होते. चर्चच्या आश्रयाने काम करणाऱ्या गटांनी १९८९ मध्ये याच तरतुदीचा आधार घेतला. बर्लिनच्या वाइसेनसे भागात त्यांनी जवळपास प्रत्येक केंद्रावर माणूस ठेवला, केंद्राकेंद्रावर वाचून दाखवलेले आकडे टिपून घेतले आणि बेरीज केली. विरोधी मते जाहीर आकड्याच्या दुपटीहून जास्त निघाली. म्हणजे फेरफार केंद्रांवर नव्हे, वरच्या पातळीवर बेरीज करताना झाला होता.

अनेक केंद्रांवर विरोध दहा टक्क्यांच्या आसपास होता. खरा आकडा जाहीर केला असता तरी यादी आरामात निवडून आली असती. तरीही फेरफार झाला, कारण दरवेळी ९९ च्या जवळचा आकडा वर पाठवायची सवय झालेल्या यंत्रणेत ९० टक्के सांगणे म्हणजे त्या जिल्ह्याचे पदाधिकारी कमी पडल्याची कबुलीच होती. या खोटेपणाची किंमत सत्तेला आंदोलनांच्या रूपाने मोजावी लागली. जूनपासून दर महिन्याच्या ७ तारखेला बर्लिनच्या अलेक्झांडरप्लात्सवर निदर्शने सुरू झाली. ९ ऑक्टोबरला लाइपझिगमध्ये सुमारे ७०,००० लोक रस्त्यावर उतरले, १८ ऑक्टोबरला पक्षप्रमुख एरिक होनेकर पायउतार झाले आणि १ डिसेंबरला संसदेने पक्षाचे नेतृत्वस्थान राज्यघटनेतून काढले. १८ मार्च १९९० च्या पहिल्या खुल्या निवडणुकीत ९३.४ टक्के मतदान झाले. तेव्हा पीडीएस हे नवे नाव घेतलेल्या एसईडीला १६.४ टक्के मते मिळाली.

एकीकरणानंतर खटले चालले. ड्रेस्डेनचे माजी महापौर वोल्फगांग बेर्गहोफर १९९२ मध्ये निवडणुकीतल्या फेरफाराबद्दल दोषी ठरले. त्यांना एक वर्षाची निलंबित शिक्षा आणि दंड झाला. निवडणुकीचा निकाल खोटा करणे हा पूर्व जर्मनीच्या स्वतःच्या दंडसंहितेतही गुन्हाच होता : कलम २११.